एक्सप्रेस ॲपमध्ये ग्रिडएफएसचं कनेक्शन सगळ्या रूट्सनी मिळून कसं वापरायचं?

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक आणि मासिकं स्कॅन करायचं काम वर्षभर चालू आहे. काही अंकांना वाळवी लागलीय, काहींची पानं हात लावला की तुटतात. आता उशीर केला तर हातात काही उरणार नाही, म्हणून आम्ही चौघंजण शनिवार-रविवार बसतो. आतापर्यंत ११०० च्या आसपास अंक झालेत. एकेक पीडीएफ ३० ते ४५ एमबीची.

मोंगोडीबीत एक डॉक्युमेंट १६ एमबीच्या वर जात नाही, म्हणून फायली ग्रिडएफएसमध्ये (मोठी फाइल तुकडे करून ठेवायची मोंगोडीबीची सोय) ठेवल्या. सर्व्हर नोड आणि एक्सप्रेसवर आहे. अंकांची माहिती (वर्ष, संपादक, अनुक्रमणिका) मोंगूसमधून (नोडमधून मोंगोडीबी वापरायची लायब्ररी) येते. अंक उघडणं, अंक चढवणं, मुखपृष्ठ दाखवणं यांचे रूट वेगवेगळ्या फायलींत आहेत. प्रत्येक रूटच्या आत मी नवा मोंगोक्लायंट बनवते, कनेक्ट करते, बकेट (ग्रिडएफएसमधला फायलींचा साठा) उघडते आणि फाइल पाठवते.

सकाळी सर्व्हर चालू केला की दुपारपर्यंत छान चालतो, मग सगळं ठप्प. डेटाबेसच्या लॉगमध्ये येतं की फार कनेक्शन्स उघडी आहेत म्हणून नवीन नाकारलं, आणि पुढे आकडा असतो ८१९. नोड बंद करून चालू केलं की पुन्हा सुरळीत. हा ८१९ मी कुठल्याही सेटिंगमध्ये लिहिलेला नाही.

तर एकच कनेक्शन सगळ्या रूट्सना कसं द्यायचं? आणि एकच ठेवलं तर दहा जणांनी एकदम अंक उघडल्यावर ते रांगेत उभे राहतील का?

---

गोदातीर | शनिवार, रात्री १०:४०

काम फार मोलाचं आहे. आधी त्याबद्दल नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. मोंगोक्लायंट म्हणजे एक कनेक्शन नव्हे. त्याच्या पोटात कनेक्शन्सचा पूल असतो. नोडच्या ड्रायव्हरमध्ये चौथ्या आवृत्तीपासून पूलची कमाल मर्यादा न सांगता १०० असते (तिसऱ्या आवृत्तीत ती ५ होती). गरज पडेल तशी कनेक्शन्स उघडतात आणि काम झालं की पूलमध्ये परत जातात. त्यामुळे दहा जण आले तरी कुणी रांगेत उभं राहत नाही.

तुमच्याकडे आत्ता काय होतंय? पाणी प्यायला आलेल्या प्रत्येक माणसासाठी तुम्ही नवी विहीर खणताय आणि ती बुजवतही नाही. विहीर एकच ठेवा, कळशी ज्याची त्याची.

कोड इथे नीट उमटत नाही, शब्दांत सांगतो. डेटाबेससाठी एक वेगळी फाइल करा. तिच्यात क्लायंट एकदाच बनवा. दोन फंक्शन्स बाहेर द्या: एक सुरुवातीला कनेक्ट करणारं, दुसरं तयार बकेट हातात देणारं. मुख्य फाइलमध्ये आधी कनेक्ट होईपर्यंत थांबा आणि मगच पोर्टवर ऐकायला लागा. रूट्सनी फक्त बकेट मागायची. नोड एकदा लोड केलेलं मॉड्यूल लक्षात ठेवतो, त्यामुळे दहा फायलींनी ते मागवलं तरी क्लायंट एकच राहतो.

---

बाळू_कोल्हापूर | शनिवार, रात्री १०:५५

विहिरीचं उदाहरण लई भारी! +१

---

टंकारव | शनिवार, रात्री ११:२०

८१९ चं कोडं सोडवतो. लिनक्सवर टर्मिनलमधून काही चालू केलं की एका प्रोसेसला साधारणपणे १०२४ फायली उघडायची मुभा असते, आणि प्रत्येक कनेक्शन म्हणजे लिनक्सच्या लेखी एक उघडी फाइल. मोंगोडी (मोंगोडीबीचा सर्व्हर प्रोग्रॅम) त्या मुभेचा ८० टक्के भाग कनेक्शन्ससाठी धरतो. १०२४ चे ८० टक्के म्हणजे ८१९.

म्हणजे तुम्ही मोंगोडी हाताने टर्मिनलमधून चालू केलाय, बरोबर? पॅकेजसोबत येणारी सिस्टिमडीची (लिनक्सवर सेवा चालवणारी व्यवस्था) सेवा वापरली तर तिथे मर्यादा ६४,००० असते आणि हाच आकडा ५१,२०० होतो. ते करून घ्याच. पण त्याला दुरुस्ती समजू नका. गळका माठ मोठा घेतला तर रिकामा व्हायला वेळ जास्त लागेल, एवढंच. शिवाय सर्व्हरच्या बाजूला प्रत्येक कनेक्शनमागे एक थ्रेड असतो, त्याची मेमरी वेगळी जाते.

---

रानवारा | शनिवार, रात्री ११:३८

टंकारव यांचं वाचून मी कागदावर हिशोब मांडला. कृष्णाकाठ, तुमचा डेटाबेस एकाच मशीनवर आहे ना, रेप्लिका सेट (त्याच डेटाच्या अनेक सर्व्हरवरच्या प्रती) नाही? तसं असेल तर प्रत्येक नवा क्लायंट अंक वाचायला एक कनेक्शन उघडतो. सर्व्हर जिवंत आहे का, हे पाहायला एक वेगळं. नव्या आवृत्त्यांत वेळ मोजायला आणखी एक. म्हणजे एका विनंतीमागे तीन. ८१९ भागिले ३ म्हणजे २७३.

मोंगूसची दोनचार सोडली तर साधारण पावणेतीनशे विनंत्यांनी तुमचा सर्व्हर बसत असणार. लॉगमध्ये मोजून सांगाल?

---

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ७:०५

रानवारा, रात्रीच मोजलं. शुक्रवारी बंद पडण्याआधी अंक आणि मुखपृष्ठं मिळून २६८ विनंत्या. गुरुवारी २७०. अंगावर काटा आला!

टंकारव, हो, मोंगोडी टर्मिनलच्या स्क्रीन प्रोग्रॅममध्ये हाताने चालू केलेला होता. आज सिस्टिमडीवर नेते.

---

जुना_खेळाडू | रविवार, सकाळी ९:३०

मूळ प्रश्नाच्या मुळाशी जातो. फायली डेटाबेसमध्ये ठेवायच्याच कशाला? ४५ एमबीची पीडीएफ डिस्कवर ठेवा, डेटाबेसमध्ये फक्त तिचा पत्ता. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) ती थेट डिस्कवरून पाठवेल, नोडला हातही लावावा लागणार नाही. ग्रिडएफएसमध्ये फाइलचे २५५ केबीचे तुकडे होतात. ४० एमबीचा अंक म्हणजे १६१ तुकडे. ते एकेक काढायचे, जोडायचे आणि नोडमधून ढकलायचे. माझ्या मते हा प्रश्न तुम्ही स्वतःवर ओढवून घेतला आहे.

---

शब्दवेल | रविवार, सकाळी १०:१५

काका, तत्त्वतः तुमचं पटतं, पण एका संस्थेत याच्या उलट अनुभव घेतला आहे, तो सांगते. फायली डिस्कवर, माहिती डेटाबेसमध्ये. बॅकअप दोन, दोन वेळांना चालणारे, दोन माणसांच्या हातात. डिस्क गेली तेव्हा परत मिळवलेल्या माहितीत दोनशे नोंदी अशा निघाल्या ज्यांची फाइलच नव्हती, आणि कित्येक फायली अशा ज्या कशाच्या आहेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. तीन महिने आम्ही एकेक फाइल उघडून नाव लावत बसलो. ज्या वाचनालयाकडे पगारी सिस्टिम ॲडमिन नाही, तिथे एका बॅकअपमध्ये सगळं येणं फार मोठी गोष्ट आहे.

मुखपृष्ठांबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. ५०-६० केबीच्या चित्राला ग्रिडएफएस नको. ते अंकाच्याच डॉक्युमेंटमध्ये बायनरी म्हणून ठेवता येतं. निम्म्या विनंत्या तिथेच कमी होतील.

अवांतर: २५५ हा आकडा विचित्र वाटतो ना? पूर्वी तुकडा २५६ केबीचा होता. जुन्या साठवणीत जागा दोनाच्या घातांत दिली जायची. २५६ केबी डेटा आणि वर थोडी माहिती मिळून डॉक्युमेंट जरासं मोठं व्हायचं आणि थेट ५१२ ची जागा अडवायचं. म्हणून एक केबी कमी केला.

---

जुना_खेळाडू | रविवार, सकाळी १०:५०

शब्दवेल, तुमचा अनुभव ऐकून माघार घेतो. बॅकअप सांभाळायला माणूस नसेल तर एकाच जागी असलेलं बरं. २५५ चं कारण मला माहीत नव्हतं.

---

मस्कतकर | रविवार, दुपारी १:२०

मी पायथनवाला, विषयांतराबद्दल क्षमस्व, पण कुणी पुढे हा धागा शोधत आलं तर उपयोग होईल. पायमोंगोचा क्लायंट अनेक थ्रेड्सनी मिळून वापरायला सुरक्षित आहे, पण प्रोसेस फोर्क झाल्यावर (तिची प्रत निघाल्यावर) नाही. गनिकॉर्न (पायथनचा वेब सर्व्हर) आधी ॲप लोड करून मग वर्कर फोर्क करत असेल आणि क्लायंट त्याआधीच बनला असेल, तर तो सगळ्या वर्करांत वारशाने जातो आणि कधी कधी कारण न कळता अडकून बसतो. मला तीन रात्री लागल्या हे सापडायला. क्लायंट प्रत्येक वर्करमध्ये फोर्क झाल्यानंतर बनवायचा. नियम तोच: एका प्रोसेसला एक क्लायंट.

---

मस्कतकर | रविवार, दुपारी १:२१

दोनदा पडला. प्रतिसाद काढून टाकला आहे.

---

रानवारा | रविवार, दुपारी २:४५

गोदातीर, तुमच्या पद्धतीबद्दल एक मतभेद नोंदवते. मॉड्यूलमध्ये क्लायंट लपवून ठेवला आणि प्रत्येक रूटने तो तिथून उचलला, तर चाचण्या लिहिताना अडचण येते. रूट फाइल नुसती मागवली तरी ती खऱ्या डेटाबेसकडे धावते. मी रूट फाइलमधून एक फंक्शन बाहेर देते, जे बकेट हातात घेतं आणि राउटर परत करतं. मुख्य फाइल एकदाच बकेट बनवते आणि सगळ्यांना वाटते. चाचणीत मी खोटी बकेट देते.

एक्सप्रेसच्या ॲप लोकल्समध्ये ठेवूनही चालतं, विनंतीतून ते कुठेही मिळतं. पण तिथे काय काय ठेवलंय हे सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला कळत नाही.

---

गोदातीर | रविवार, दुपारी ३:३०

रानवारा, मान्य. मोठ्या ॲपमध्ये मीही तसंच करतो. इथे तीनच रूट आहेत म्हणून सोपा रस्ता सांगितला. मॉड्यूलच्या रस्त्यात आणखी एक खड्डा आहे तो सांगायचा राहिला: विंडोज किंवा मॅकवर फाइलचं नाव एकीकडे लहान अक्षरात आणि दुसरीकडे मोठ्या अक्षरात लिहून मागवलं, तर नोड ती दोन वेगळी मॉड्यूल्स धरतो. मग क्लायंटही दोन.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:१५

रानवारांची पद्धत घेतली, बकेट बाहेरून द्यायची. सकाळपासून सर्व्हर एकदाही पडला नाही, आणि ६०० च्या वर विनंत्या झाल्यात. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

पण दोन गोष्टी अडल्यात. एक, मला वाटलं होतं एक क्लायंट, तरी सर्व्हर स्टेटसमध्ये दोन वेगळ्या क्लायंटची कनेक्शन्स दिसतात. दोन, मोंगूसच्याच कनेक्शनवर बकेट बनवून पाहिली तर सुरुवातीलाच अनडिफाइंडमधून कलेक्शन वाचता येत नाही अशी चूक येते. ते सोडून मोंगोडीबीचं पॅकेज वेगळं बसवलं तर बीसॉनची (मोंगोडीबीच्या डेटा स्वरूपाची) आवृत्ती जुळत नाही म्हणतो.

---

टंकारव | सोमवार, रात्री ९:५०

दोन्हींचं मूळ एक आहे. मोंगूसच्या आत स्वतःचा मोंगोक्लायंट असतो. तुम्ही शेजारी दुसरा उभा केलात, म्हणून दोन दिसतात. आणि मोंगूस स्वतःचा ड्रायव्हर सोबत घेऊन येतो. वेगळं बसवलेलं पॅकेज दुसऱ्या आवृत्तीचं असेल तर एकाचा ऑब्जेक्टआयडी दुसऱ्याला ओळखता येत नाही.

म्हणून वेगळं पॅकेज काढून टाका. ग्रिडएफएस बकेटचा क्लास मोंगूसच्याच मोंगो या गुणधर्मातून घ्या आणि त्याला मोंगूसच्या कनेक्शनचा डीबी द्या. अनडिफाइंडची चूक येते, कारण कनेक्ट पूर्ण होईपर्यंत तो डीबी अस्तित्वातच नसतो आणि तुम्ही फाइलच्या माथ्यावर बकेट बनवताय. मॉडेल्सना हा त्रास होत नाही, कारण मोंगूस त्यांच्या क्वेऱ्या थोडा वेळ अडवून धरतो. बकेटला ती सोय नाही. क्रम असा ठेवा: कनेक्ट, थांबा, बकेट, राउटर, मग पोर्ट.

आणि बकेटही एकच ठेवा. ती हलकी असते, दर वेळी नवी बनवली तर कनेक्शन वाढत नाही. पण प्रत्येक नवी बकेट पहिल्या अपलोडच्या वेळी इंडेक्स आहेत का ते तपासते. अंक एकामागून एक चढवताना हा फेरा दर फाइलला पडतो.

---

बाळू_कोल्हापूर | मंगळवार, सकाळी ८:४०

माझाबी एक प्रश्न. आमच्याकडं नेट लई हळू. एखाद्यानं ४० एमबीचा अंक मोबाइलवर उघडला आणि पंधरा मिनिटं तो उतरतच राहिला, तर तेवढा वेळ पूलमधलं एक कनेक्शन अडकून राहतंय का? तसं असंल तर शंभर हळू वाचणारे आले की संपलं.

---

गोदातीर | मंगळवार, सकाळी ९:२५

बाळू, प्रश्न अगदी नेमका. नाही, अडकत नाही. डाउनलोड म्हणजे तुकड्यांवर चालणारा कर्सर. तो एका फेरीत काही तुकडे आणतो, तेवढ्यापुरतं कनेक्शन घेतो आणि लगेच परत करतो. वाचणाऱ्याने ते उतरवून घेतले की पुढची फेरी. मधल्या वेळात ते कनेक्शन दुसरं कुणी वापरतं.

मेमरीकडे मात्र लक्ष हवं. एका फेरीत १६ एमबीपर्यंत येऊ शकतं, म्हणजे साधारण ६४ तुकडे. शंभर हळू वाचक एकदम आले तर दीड जीबीच्या पुढे. म्हणजे तुमच्या हळू नेटमुळे आधी मेमरी भरेल, पूल नव्हे.

आणि डाउनलोड प्रवाह नुसत्या पाइपने जोडू नका, पाइपलाइन वापरा. वाचकाने मध्येच टॅब बंद केला तर नुसत्या पाइपमध्ये मागचा प्रवाह बंद होत नाही. आणलेले तुकडे मेमरीत राहतात आणि कर्सर डेटाबेसवर उघडा पडून राहतो. पाइपलाइन दोन्ही टोकं बंद करते.

---

शब्दवेल | मंगळवार, सकाळी ११:१०

याला जोडून: पूर्ण अंक पाठवायचीच गरज नाही. ब्राउझरमधला पीडीएफ वाचक रेंज (फाइलचा हवा तेवढाच भाग) मागू शकतो, आणि डाउनलोड प्रवाहाला सुरुवात आणि शेवट देता येतो. मात्र एचटीटीपीच्या रेंजमध्ये शेवटचा बाइट धरलेला असतो आणि ग्रिडएफएसमध्ये तो धरत नाहीत. म्हणून शेवटात एक मिळवायचा. हा एक विसरला की काही वाचकांत अंकाचं शेवटचं पान कोरं येतं, आणि माणूस स्कॅनरला दोष देत बसतो.

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०:३०

टंकारवांच्या क्रमाने लावलं. आता एकच क्लायंट दिसतो. दिवसभरात एकूण बनलेल्या कनेक्शन्सचा आकडा १४ वर थांबलाय. आधी तो दुपारपर्यंत ८१९ ला टेकायचा. पाइपलाइन आणि रेंजही केलं. वाचनालयातल्या एका आजोबांनी आज लहानपणी वाचलेला अंक शोधून काढला आणि तासभर जागचे हलले नाहीत.

मशीनला दोन कोअर आहेत, म्हणून पीएम-टूच्या (नोडच्या प्रोसेस सांभाळणारा प्रोग्रॅम) क्लस्टरमध्ये दोन प्रोसेस चालवायच्या म्हणते. तेव्हा क्लायंट एकच राहील का?

---

रानवारा | बुधवार, रात्री ११:००

नाही, प्रत्येक प्रोसेसचा स्वतःचा. मस्कतकर यांनी वर म्हटलंय तेच. कमाल मर्यादेचा हिशोब प्रोसेसच्या संख्येने गुणून करायचा: दोन प्रोसेस, शंभराचा पूल, म्हणजे दोनशेपर्यंत आणि वर देखरेखीची चार. तुमच्या वापराला पूलची मर्यादा २० केलीत तरी पुरेल.

एक सांभाळा. पीएम-टू प्रोसेस थांबवताना आधी इशारा देतो आणि काही न सांगितल्यास १.६ सेकंदांनी सरळ मारतो. ४० एमबीचं अपलोड तेवढ्यात संपत नाही. तो अवधी वाढवा. इशारा आला की आधी नवीन विनंत्या थांबवा, चालू असलेल्या संपू द्या आणि क्लायंट सगळ्यात शेवटी बंद करा.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ८:२०

रानवारा, तुमच्या शेवटच्या ओळीमुळे आठवलं. आधी सर्व्हर पडायचा तेव्हा अपलोड मध्येच तुटायचे. त्या अर्धवट अंकांची यादीत नोंद दिसत नाही, पण जागा मात्र गेलेली दिसते. ते तुकडे कुठे राहिले?

---

टंकारव | गुरुवार, रात्री ८:५५

तुकड्यांच्या कलेक्शनमध्येच. ग्रिडएफएस आधी तुकडे लिहितो आणि फाइलची नोंद सगळ्यात शेवटी करतो. मध्ये तुटलं तर तुकडे अनाथ राहतात. इथून पुढे अपलोडमध्ये चूक आली की प्रवाहाचं अबॉर्ट बोलवा, ते तुकडे काढून टाकतं. जुन्यांसाठी तुकड्यांमधले सगळे फाइल आयडी काढा. ज्यांची नोंद फायलींच्या कलेक्शनमध्ये नाही ते वेगळे करा आणि त्यांचे तुकडे पुसा.

पण थांबा: या क्षणी चालू असलेलं अपलोडही अगदी असंच दिसतं, कारण त्याची नोंद अजून झालेली नसते. ऑब्जेक्टआयडीच्या पहिल्या चार बाइटांत तो बनल्याची वेळ असते. एक दिवसापेक्षा जुने असतील तेवढेच पुसा. आणि आधी बॅकअप.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ९:१०

बरं झालं सांगितलंत, मी आत्ताच चालवणार होते. शेजारच्या खोलीत एका मासिकाच्या १९७२ च्या बारा अंकांचं अपलोड चालू आहे, त्यातले सात झालेत. ते संपू दे. उद्या बॅकअप घेऊन मग पुसते आणि किती जागा मोकळी झाली ते इथे लिहिते.